माहेरच्या चवीचं बेसन

१५ नोव्हेंबर १९८७, रविवार
फॅक्टरी कॉलनी, भद्रावती

आज वामनरावांच्या दुकानात मी भांडले. लाज वाटत नाही, उलट बरं वाटतंय, म्हणून लिहून ठेवते.

झालं असं, की काल पुड्यातल्या बेसनाचा झुणका केला. पुडा मोठा देखणा. त्यावर एक बाई भज्यांचं ताट धरून हसतेय, अंगावर माझ्या लग्नात मी घातले होते त्याच्या चौपट दागिने. आत मात्र नुसता पिवळा भुगा. यांनी एक घास खाल्ला आणि विचारलं, "ताप आहे का तुला?" माझ्या हातच्या झुणक्याला कोणी असं म्हणावं? टाळकंच सटकलं माझं.

टीव्ही आल्यापासून या कॉलनीतल्या बायकांना काय झालंय कळत नाही. रविवारी सकाळी क्वार्टर्सची अर्धी लाईन आमच्याकडे येऊन बसते. मालिकेत कोण कोणाचा काका ते कोणाला सांगता येत नाही, जाहिराती मात्र तोंडपाठ. सोमवारी त्याच वस्तू मागायला वामनरावांकडे रांग. आणि मी काही वेगळी नाही, तो पुडा मीसुद्धा त्या बाईचं ताट बघूनच आणला होता.

वामनराव म्हणजे कोळशाच्या खाणीत शेत गेलेला माणूस. शेत गेल्यावर खटपट करून त्यांनी कॉलनीतला हा दुकानाचा गाळा मिळवला. गाळा वसाहत समितीचा. समिती खूश तर दुकान, नाहीतर बिऱ्हाड उचला. म्हणून बिचारे सगळ्यांशी मान खाली घालून बोलतात. मी पुडा त्यांच्यापुढे आपटला आणि म्हटलं, बेसन कसं असतं ते माझ्या माहेरी येऊन बघा. आमचा मुखरूदादा नागभीडपलीकडे गावात चक्की चालवतो, त्याच्या पिठाची वडी खाल्लेला माणूस दुसऱ्या वडीकडे बघत नाही.

त्यांनी गावाचं नाव विचारलं, दादाचं नाव विचारलं. मी सगळं सांगितलं. मग म्हणाले, "बाई, तुमाले तसंच पायजे का?"

तसंच पाहिजे, मी म्हटलं, आणि सगळ्या कॉलनीला पाहिजे.

७ डिसेंबर, सोमवार

वामनरावांकडे सुटं बेसन आलंय. पोत्याचं तोंड उघडं होतं आणि वास असा आला, की मी पायरीवरच थबकले. आईच्या चुलीपुढचा वास. घरी आणून झुणका केला, यांनी दोनदा मागून घेतला. कुठून आणलं हे मी विचारलं नाही. चांगला माल मिळाल्यावर उलटतपासणी कशाला करायची?

काल विहारात सहा डिसेंबरची सभा होती. अशा दिवशी तरी बायकांनी गप्प बसावं की नाही? पण शेजारची कांताबाई वंदना संपल्याबरोबर माझ्या कानात कुजबुजली, "सत्यशीलाताई, नवीन बेसन नेलं का हो?" मी डोळे वटारले. पण खरं सांगायचं तर आतून गुदगुल्या झाल्या. एका गिऱ्हाईकाने तोंड उघडलं आणि अख्ख्या कॉलनीला चव मिळाली. आपण पैसे देतो आणि वर मिंध्यासारखे उभे राहतो, हीच आपली खोड आहे. दुकानदार आपण घडवू तसा घडतो.

२० डिसेंबर, रविवार

महिला मंडळात चंद्रपूरच्या कॉलेजातले केमिस्ट्रीचे सर आले होते. ग्राहकांसाठी नवा कायदा झालाय, त्यावर बोलले आणि मग प्रयोग दाखवले. मी अजून सावरलेली नाही.

चहात लाकडाचा रंगवलेला भुसा. मिऱ्यांत पपईच्या बिया. तिखटात विटेची पूड. मी इतकी वर्षं माझ्या हातांनी यांना आणि लेकरांना काय काय खाऊ घातलं असेल? आपण देव्हारा नाही पुजत, पण दुकानाच्या फळीवरचे डबे मात्र डोळे मिटून पुजले.

सगळ्यात भयंकर ते बेसनाचं. त्यात लाखेचं पीठ मिसळतात. लाख म्हणजे आमच्याकडची लाखोळी, धान बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उभं असतानाच जिचं बी चिखलात फेकतात ती. स्वस्त असते. सर म्हणाले, वर्षानुवर्षं पोटभर खाल्ली तर पाय आखडतात, धडधाकट माणूस काठीवर येतो. म्हणून ती विकायला बंदी आहे, विकणाऱ्याला तुरुंग आहे. ओळखायची रीत सोपी. बेसनात पाणी आणि ॲसिडचे थेंब टाकायचे, वाटी गरम पाण्यात ठेवायची. लाख असेल तर गुलाबी होतं.

एवढ्या बायकांमधून सरांनी ॲसिडची बाटली माझ्या हातात दिली. म्हणाले, तुम्ही धीट दिसता.

२२ डिसेंबर

घरातलं सगळं तपासलं. चहा चांगला निघाला. हळद वाईट, फेकली. तिखट घरचंच. हे फॅक्टरीतून आले तर ओट्यावर वाट्याच वाट्या, स्वयंपाक नाही. म्हणाले, "दवाखाना उघडलास का?" त्यांना चेष्टा सुचते.

शेवटी बेसन घेतलं, वामनरावांचं. मनात म्हटलं, हे काय तपासायचं. तरी वाटी गरम पाण्यात ठेवली.

गुलाबी झालं. लेकीच्या रिबिनीसारखं गुलाबी. खाली बसले. दोन दोनदा मागून घेऊन खाल्लं होतं घरच्यांनी.

२३ डिसेंबर

मी वाटी आणि बाटली घेऊन दुकानात गेले. दुकानात गर्दी होती, तेच मला पाहिजे होतं. त्यांच्याच पोत्यातलं पीठ घेतलं, त्यांच्याच स्टोव्हवर पाणी ठेवलं आणि सगळ्यांदेखत करून दाखवलं. बायका बघत होत्या. रंग चढला तशी एकेक जण पिशवी उचलून मागे सरकली.

वामनरावांचा चेहरा उतरला. हळूच म्हणाले, "बाई, इथी नका करू. तुमीच तं..." आणि गप्प झाले.

काय मीच? म्हटलं, बोला की पुढे. ते पोत्याचं तोंड बांधायला लागले, गाठ बसेना. चोर पकडला गेला की असाच अर्धवट बोलतो. मान खाली घालणाऱ्या माणसाला मी साधा समजत होते. त्याच मानेखाली हे शिजत होतं तर.

२७ डिसेंबर, रविवार

समितीकडे अर्ज दिला. सह्या घ्यायला मला फिरावंसुद्धा लागलं नाही, बायका घरी येऊन करून गेल्या. दुकानाला कुलूप लागलं. दहा जानेवारीला बैठक आहे, त्यात गाळा काढून घ्यायचा की नाही ते ठरेल. समितीने वामनरावांना एकच विचारलं, पीठ कुठून आणता. नाव सांगितलं असतं तर तक्रार त्या चक्कीवाल्यावर गेली असती आणि त्यांचं दुकान कदाचित वाचलं असतं. पण नाहीच सांगितलं. "मी आणलं, मी इकलं," एवढंच.

तळपायाची आग मस्तकात गेली माझी. कोण आहे हा चक्कीवाला, ज्याच्यासाठी हा माणूस स्वतःचं दुकान घालवायला निघालाय? नक्कीच मोठी साखळी असणार.

हे जेवताना म्हणाले, "तो नाव का सांगत नाही, याचा विचार केलास?"

मी म्हटलं, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?

३० डिसेंबर

वामनरावांची बायको सीता दारात येऊन उभी राहिली. वाटलं, रडेल, पाया पडेल, काही मागेल. मी मन घट्ट करून उभी. तिने भलतंच विचारलं. म्हणाली, "बाई, औंदा तुमच्या माहेरचं पीठ आलं का?"

मी म्हटलं, आलं नाही, येईल. का?

"काई नाई. आलं का मंग वाटीत पाह्यजा." एवढं बोलून निघून गेली.

काय म्हणावं या बाईला? नवऱ्याचं दुकान हातचं चाललंय आणि ही माझ्या माहेरच्या पिठाची चौकशी करून राहिली. तिला वाटलं असेल, चांगलं पीठ कुठे मिळतं ते विचारून घेऊ आणि नव्याने सुरुवात करू. पण एक गोष्ट तिने चांगली सुचवली. तीन तारखेला सावित्रीबाईंची जयंती आहे. मंडळात सगळ्यांना दाखवते, भेसळीचं कसं होतं आणि शुद्धाचं कसं राहतं. दादाला निरोप पाठवला आहे.

३ जानेवारी १९८८, रविवार

कसं लिहू? पण लिहिते.

दादाने गावच्या माणसाबरोबर पीठ पाठवलं होतं. हॉल भरलेला. समोर फोटोला हार, बाजूला माझं टेबल. मी आधी भाषण केलं. शिक्षणाने डोळे उघडतात, उघड्या डोळ्यांनी बाजारात जा, वगैरे. टाळ्या पडल्या. मग एका वाटीत वामनरावांचं बेसन, दुसरीत माझ्या माहेरचं. म्हटलं, बघा आता फरक.

दोन्ही गुलाबी झाल्या.

मला वाटलं वाटी धुतलेली नव्हती. दुसरी घेतली, स्वतः धुतली, पदराने पुसली. परत गुलाबी. मग म्हटलं ॲसिड बिघडलं असेल. तर कांताबाई पहिल्या रांगेतून शांतपणे म्हणाली, "ताई, वामनरावच्या वेळी तं बिघडलं नव्हतं."

कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मी टेबल आवरलं, बाटलीला बूच लावलं.

माझ्या दादाला कोणीतरी फसवलंय. गावातला कोणी व्यापारी असेल, हरभऱ्यात लाख घालून देत असेल. उद्या जाते.

६ जानेवारी
माहेरी

परवा चंद्रपूरच्या चांदा फोर्ट स्टेशनवरून छोट्या लाईनच्या गाडीने नागभीड, तिथून बैलगाडीने घरी. इथे येऊन दोन दिवस झाले, पण काल पेन धरवलं नाही.

दादा चक्कीवर होता. पापण्यांपर्यंत पीठ. मला बघून इतका हरखला, की चक्की बंद करून बाहेर आला. मी पाणीसुद्धा न पिता सुरुवात केली. कोण तुला लाख मिसळलेला हरभरा देतो, नाव सांग, मी त्याला सोडत नाही.

दादाला कळेचना. म्हणाला, "कोन कायले देईन? मीच टाकतो."

मी नुसती बघत राहिले. आई ओसरीवर भाजी निवडत होती. तिने मानही वर केली नाही. म्हणाली, "अर्धा हरबरा, अर्धी लाखोळी. लाखोळी नाई टाकली तं वडीले चव कुठून येईन? माही सासू बी तसंच करे. तू याच्यावरच तं वाढली."

मी पाचवीपासून वसतिगृहात. सुट्टीत यायची, वड्या खायची, डबा भरून न्यायची. चक्कीत काय पडतं हे मी कधी पाहिलंच नाही. लाखोळी वेगळी, गरिबाची डाळ, शेतातल्या माणसांची. आणि बेसन वेगळं, असं मला वाटायचं. या घरात त्या मिश्रणालाच बेसन म्हणतात. भेसळ नाही, लपवाछपवी नाही, हीच रीत. ज्या चवीसाठी मी दुकानात पुडा आपटला, ती चव लाखेची होती.

आईला पायांचं सांगितलं. ती म्हणाली, आपण भाजून, उकळून, पाणी फेकून घेतो, अन् एवढ्या वर्षांत कोनाले काई झालं नाई. खरं असेल, नसेल. मला आता काहीच कळत नाही.

आणि मग दादाने आपणहून सांगितलं. अगदी कौतुकाने. "तुह्या कॉलनीतला दुकानदार येते ना इथी. वामनराव. खूब भला मानूस. पह्यले आला तवा म्हने, बाईनं पाठवलं. मी त्याले सांगतलं, याच्यात लाखोळी हाय बापा, तुले चालन का? तं म्हने, बाईले हेच पायजे, त्यायले माहीतच असन."

त्या दिवशी दुकानात "तुमीच तं" म्हणून तो माणूस गप्प का झाला, ते आत्ता कळलं. सीता दारात येऊन काय सांगत होती, तेही.

दादाला सगळं सांगावं लागलं. कुलूप, समिती, तुरुंग. त्याचं तोंड लहान लेकरासारखं झालं. म्हणाला, "मले नेतीन का?"

मी म्हटलं, नाही नेणार. कोणाच्या जिवावर म्हटलं कोण जाणे.

९ जानेवारी

वामनरावांच्या घरी गेले. सामान बांधत होते. मला बसायला खाट दिली, सीतेने चहा टाकला. त्यांच्या घरचा चहा पिताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विचारलं, तुम्ही माझं नाव का नाही घेतलं? भर दुकानात मी तुमची अब्रू काढली, तेव्हा तरी?

ते दोरी ओढत म्हणाले, "लोकं उभे होते, बाई. अन् मले वाटलं होतं तुमाले माहीत हाय. मंग वाटीतला रंग पाहून तुमचं तोंड पाह्यलं, तवा समजलं, नाई माहीत."

आणि समितीपुढे? दादाचं नाव सांगितलं असतं तर?

"त्याले बेड्या पडल्या असत्या. तो तं सांगून देऊन राह्यला होता, फसवून नाई. मले माहीत होतं अन् मी इकलं. माही बी चूक हायेच ना."

मी सांगितलं, उद्या बैठकीत मी सगळं बोलणार. कुठून आलं, कोणी पाठवलं, कोणी दळलं, सगळं. मग समितीला तुमचा गाळा काढता येणार नाही. सीतेने माझ्याकडे असं बघितलं, की मला नजर उचलता आली नाही. वामनरावांनी दोरीची गाठ सोडून ठेवली.

१० जानेवारी, रविवार

बैठक झाली.

वामनरावांना आत बोलावलंच नव्हतं. त्यांच्याशिवाय त्यांचा निकाल. टेबलावर एका कंपनीच्या एजंटाचा अर्ज आधीच पडलेला होता. फक्त बंद पुड्यांचा माल, उघडं काही नाही, गाळा त्याला द्यावा. अर्जाला नमुन्याचे पुडेही जोडले होते. ती ताटवाली बाई तिथेही हसत होती. मला वाटलं ओरडावं. ज्या पुड्यावरून हे सगळं सुरू झालं, तो माझ्या सहीने परत येत होता.

मी उभी राहिले. म्हटलं, हे पीठ माझ्या माहेरचं आहे. वामनरावांना तिकडे मीच पाठवलं. आमच्याकडे असंच दळतात, त्याला आम्ही भेसळ समजत नाही. चूक असेल तर ती पहिली माझी आहे.

अध्यक्षसाहेबांनी चष्मा काढला. फार सौजन्याने म्हणाले, "बाई, मग दळणाऱ्याचं नाव सांगा. ते लिहून चंद्रपूरला अन्न निरीक्षकाकडे पाठवावं लागेल. मग या दुकानदाराचा वेगळा विचार करता येईल."

नाव जिभेवर होतं. मुखरू. तीन अक्षरं. माझ्याबरोबर आलेले हे माझ्याकडे बघत होते. मला दादाच्या पापण्यांवरचं पीठ दिसत होतं आणि "मले नेतीन का" ऐकू येत होतं. मी तोंड उघडलं. मग मिटलं. साहेबांनी परत विचारलं, "सांगताय का?"

मी खाली बसले.

मला वाटलं होतं, आता माझी निंदा होईल. झाली नाही. साहेब म्हणाले, बाई भावनेच्या भरात बोलल्या, ते नोंदवायची गरज नाही, त्यांच्यासारखे जागरूक ग्राहक आहेत म्हणून आपली कॉलनी सुरक्षित आहे. टाळ्या वाजल्या. यांनीही वाजवल्या, सगळे वाजवतात म्हणून. गाळा काढून घेतला. एकाच चक्कीतलं पीठ, माझ्या घरचं ते माहेरचं आणि त्यांच्या दुकानातलं ती भेसळ. मला कोणी एक शब्द वावगा बोललं नाही. यापेक्षा त्यांनी मला हाकलून दिलं असतं तर बरं वाटलं असतं.

बाहेर आले तर वामनराव सायकल धरून झाडाखाली उभे होते. माझ्या तोंडावरून त्यांना निकाल कळला असणार, तो त्यांनी विचारला नाही. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "भावाचं नाव तं नाई आलं ना?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं झालं. तुमी घरी जा बाई, थंडी हाय."

आणि सायकलवर बसून निघून गेले. मी घरी आले. यांनी विचारलं, जेवतेस का. मी हो म्हटलं, ताट घेतलं आणि पोटभर जेवले.